ओकमध्ये मुरलेली शिराझ: जादा पैसे कधी मोजावेत

बेळगावातल्या कुठल्याही बऱ्यापैकी वाईन शॉपात लाल वाईनच्या फळीवर शिराझ नावाच्या काळ्या द्राक्षाची वाईन दोन रूपांत दिसते. एक साधी, स्टीलच्या टाकीत तयार होऊन लवकर बाटलीत भरलेली. दुसरी ‘रिझर्व्ह’, म्हणजे ओक या झाडाच्या लाकडी पिंपात काही महिने मुरवलेली आणि किमतीला चांगलीच चढी. फरक विचारला की दुकानदाराकडून ‘ती भारी आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ती भारी असते हे खरं, पण दर वेळी नाही. उंचावरच्या किंवा रात्री गार पडणाऱ्या मळ्यातली द्राक्षं असतील तर ओकचे पैसे वसूल होतात. उन्हात भराभर पिकलेल्या, आंबटपणा गेलेल्या द्राक्षांवर ओक चढवला, तर व्हॅनिलाच्या वासाचं गोडसर काहीतरी पेल्यात येतं आणि शिराझ कुठे गेली ते शोधावं लागतं.

या परीक्षणासाठी दोन देशी बाटल्या समोर ठेवल्या आहेत. पहिली ग्रोव्हर झांपाची ‘ला रिझर्व्ह’, नंदी हिल्सच्या पायथ्याची. दुसरी सुलाची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’, नाशिककडची. मापाला पट्टी म्हणून फ्रान्समधली ऱ्होन नदीकाठची हर्मिटाजची टेकडी आहेच. ग्रॅनाइटच्या त्या उभ्या उतारावरचं हे द्राक्ष जगभर नमुना मानलं जातं.

लेबलावर ‘सिरा’ असो की ‘शिराझ’, द्राक्ष एकच. ते इराणातल्या शिराझ शहरातून आलं ही कथा ऐकायला छान आहे, पण १९९८ साली डीएनए तपासणी झाली तेव्हा त्याचे आईबाप फ्रान्सचेच निघाले: दुरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश. अथणी-तेलसंग किंवा विजापूरकडच्या बागायतदाराने हा घड हातात घेतला तर तो नाक मुरडेल. थॉमसनसारखा टपोरा, बिनबियांचा, पातळ सालीचा मणी इथे नाही. मणी लहान, आत बिया, साल जाड. वाईनला मात्र हेच हवं, कारण रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीतच असतो आणि मणी जितका लहान तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त.

या द्राक्षाची खूण म्हणजे मिऱ्याचा वास. काळ्या मिरीला तिचा वास देणारा रोटंडोन नावाचा घटक शिराझच्या सालीतही असतो. ऑस्ट्रेलियातल्या वाईन संशोधकांनी २००८ मध्ये तो हुडकून काढला. लाल वाईनच्या एका लिटरमध्ये १६ नॅनोग्रॅम असला तरी तो नाकाला कळतो, आणि तरीही साधारण पाचातल्या एका माणसाला तो अजिबात येत नाही. तेव्हा एकाच बाटलीत नवऱ्याला मिरी आणि बायकोला नुसती जांभळं लागली, तर दोघंही बरोबर असू शकतात.

हा रोटंडोन उष्णतेला फार नाजूक. घडाचं तापमान २५ अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की तो कमी तयार होतो. डोंगरातल्या मळ्याला किंमत येते ती इथे. उंची हजार मीटरनी वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. नाशिक-दिंडोरीचा भाग समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, आपलं बेळगाव ७५० च्या आसपास, आणि नंदीच्या पायथ्याचे मळे ९०० च्या घरात. म्हणजे दिंडोरी आणि नंदी यांच्यात नुसत्या उंचीने दोन अंशांचा फरक पडतो. पण उंचीवरच निकाल देऊन मोकळं होता येत नाही. नाशिक उत्तरेला असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तिथे नंदीपेक्षा जास्त गारठा पडतो. उलट मार्चच्या दुपारी नाशिक तापतं, नंदीकडे हवा त्या मानाने सम राहते.

आपल्याकडचं वेळापत्रकही यात आडवं येतं. फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपतो आणि द्राक्षं उतरत्या उन्हात, सप्टेंबरच्या सुमाराला पिकतात. दख्खनवर वेलाला झोप नाही. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी, आणि काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन चढत असताना. शेवटच्या पंधरवड्यात साखर झपाट्याने वाढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने खाली येतो. २४ ब्रिक्सला (ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप) तोडलेल्या द्राक्षांतून साधारण साडेतेरा ते चौदा टक्के अल्कोहोल निघतं. आठवडाभर उशीर झाला की वाईन जड होते आणि मिरीच्या जागी मोरावळ्यासारखा शिजलेला गोड वास येतो. चांगले मळेवाले तोडणी पहाटे करतात, त्याचं कारण हेच.

आता ओक. पिंपाचं सर्वात रूढ माप २२५ लिटर, म्हणजे ७५० मिलिच्या बरोबर ३०० बाटल्या. फ्रेंच ओकचं नवं पिंप आठशे-नऊशे युरोंना पडतं. सगळा खर्च पहिल्याच भरणीवर धरला तर रुपयांत बाटलीमागे अडीचशेच्या वर खर्च नुसत्या लाकडाचा, तोही कर आणि दुकानदाराचा नफा लागण्याआधी. फ्रेंच ओक महाग असण्यालाही कारण आहे. त्याच्या फळ्या करवतीने कापून चालत नाही, रेषेच्या दिशेने फोडाव्या लागतात, नाहीतर पिंप गळतं. त्यात निम्म्याहून जास्त लाकूड वाया जातं. अमेरिकन ओक करवतीने कापता येतो, म्हणून तो स्वस्त. दोन्ही लाकडं फळ्या करून दोन-तीन वर्षं उघड्यावर पावसापाण्यात ठेवतात. कोवळ्या लाकडाची कडू तुरट चव त्याशिवाय जात नाही.

लाकडाची चव ओळखायला आपल्या स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा पुरतो. अमेरिकन ओकमध्ये जो लॅक्टोन जास्त असतो त्याला सुक्या खोबऱ्याचा वास असतो. लवंगेला वास देणारं युजेनॉल दोन्ही ओकांत सापडतं. व्हॅनिलाचा वास व्हॅनिलिनचा. पिंप आतून आगीवर भाजताना धुराचा, भाजक्या कॉफीचा वास येतो तो ग्वायकॉल आणि त्याच्या भाऊबंदांचा. मध्यम भाजलेलं पिंप शिराझला मानवतं. फार भाजलं तर मिरीवर धूर बसतो.

वासापेक्षाही महत्त्वाचं काम पिंप करतं ते हवेचं. लाकडातून ऑक्सिजन अगदी थेंबाथेंबाने आत झिरपतो, तुरट घटक एकमेकांना जोडले जातात आणि जिभेवरचा खरखरीतपणा मऊ होतो. याच वाटेने वाईन उडूनही जाते. म्हणून पिंप दर काही दिवसांनी वरून भरून घ्यावं लागतं. भरायला आळस केला की वर हवा साचते, आंबवणारे जिवाणू कामाला लागतात आणि वाईनला व्हिनेगरचा, कधी नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास येतो. उष्ण प्रदेशातल्या तळघरात हे लवकर घडतं. तिथे वातानुकूलनाचं वीजबिल वाचवणाऱ्याची वाईन कधी ना कधी त्याचं बिंग फोडते.

नवं पिंप पहिल्या वापरात सर्वात जास्त चव सोडतं. तिसऱ्या-चौथ्या भरणीनंतर ते जवळपास गप्प होतं, मग नुसतं हवेचं काम करतं. शिराझसाठी सगळी पिंपं नवी वापरण्यापेक्षा थोडी नवी आणि बरीचशी जुनी, हा मेळ जास्त चांगला. आणि एक ध्यानात ठेवा: ‘ओक्ड’ एवढंच लिहिलं असेल तर पिंप असेलच असं नाही. टाकीत ओकचे तुकडे किंवा फळ्या बुडवूनही तो वास आणता येतो. त्यात वास मिळतो, पण पिंपातला मऊपणा सहसा येत नाही. ‘ओक बॅरलमध्ये अमुक महिने’ असं स्पष्ट छापलं असेल तरच रिझर्व्हचा भाव द्यावा.

बाटल्यांकडे येऊ. ला रिझर्व्ह ही काटेकोर अर्थाने शिराझ नव्हे. ती कॅबर्ने सोव्हिन्यों हे दुसरं काळं द्राक्ष आणि शिराझ यांचं मिश्रण आहे आणि त्यात कॅबर्नेचा वाटा मोठा. ग्रोव्हर यांनी नंदीला काम सुरू केलं १९८८ मध्ये, आणि १९९५ पासून फ्रान्समधल्या बोर्दोचे मिशेल रोलाँ सल्लागार म्हणून आले. बोर्दोची ती शिस्त पेल्यात दिसते. कणा कॅबर्नेचा, तुरटपणा सरळ, ओक फ्रेंच आणि मागे राहणारा. शिराझ येते ती घोटाच्या शेवटी, मिरी आणि काळ्या मनुक्याच्या रूपात. आंबटपणा टिकलेला असल्यामुळे जेवणासोबत ती थकवत नाही. तक्रार असेल तर एवढीच की बाटली उघडल्या उघडल्या ती घट्ट मुठीसारखी बंद असते आणि ज्याला फक्त शिराझ हवी त्याचं समाधान होत नाही.

दिंडोरी रिझर्व्ह मनमोकळी आहे. पेला नाकाशी नेला की जांभूळ, आलूबुखार, मागून व्हॅनिला आणि लवंग. तोंड भरून टाकणारी, तुरटपणाने मऊ. लाल वाईन नव्याने घेणाऱ्याला हीच जास्त आवडेल, यात शंका नाही. पण ओक पुढे आहे आणि मिरी मागे. खोलीतल्या उष्णतेवर ओतली की तिचा गोडसर जडपणा लगेच वर येतो. १६ अंशांवर ती वेगळीच वाईन वाटते. निव्वळ शिराझ हवी असेल तर ही. मटणाच्या ताटाशेजारी ठेवायची असेल तर आमचा कौल ला रिझर्व्हला.

हर्मिटाजच्या शेजारच्या क्रोझ-हर्मिटाजची बाटली चाखली की पट्टी कळते: फळ कमी, मिरी जास्त, काळं ऑलिव्ह, भाजलेल्या मांसाचा वास, आणि ओक असूनही दिसत नाही. पण आयात वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलं. तिथली साधी बाटली इथे येईपर्यंत राजेशाही होते. त्या पैशांत देशी रिझर्व्ह दोन-तीन येतात, आणि मळा चांगला असेल तर त्या घेणंच शहाणपणाचं.

गोव्यात बाटली स्वस्त मिळते म्हणून चोरला घाटातून गाडीत टाकून आणण्याचा मोह इथे सगळ्यांनाच होतो. राज्याची हद्द ओलांडताना अबकारी नियम लागू होतात आणि कणकुंबीला तपासणी असते. तो धोका बाजूला ठेवला तरी मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत तीन-चार तास तापलेली ओकवाली शिराझ म्हणजे वाचलेल्या पैशांसकट बाटलीही गेली.

आपल्या भागात रिझर्व्ह शिराझ बिघडते ती बहुतेक वेळा मळ्यात किंवा पिंपात नव्हे, वाटेत आणि फळीवर. ट्रक, गोदाम, मग दुकानातली वरची फळी, तिथे ट्यूबलाइट आणि पत्र्याची ऊब. महागडी बाटली हळू खपते, म्हणून तीच जास्त दिवस भाजते. घेताना या गोष्टी बघा. बाटलीच्या मानेतली पातळी बुचाच्या खाली बोटभराहून जास्त उतरलेली नको. बूच काचेच्या काठावर आलेलं असेल किंवा वरच्या वेष्टणाखाली चिकट ओघळ लागत असेल, तर वाईन तापून फुगली होती असं समजा आणि बाटली परत ठेवा. वेष्टण बोटांनी हलकेच फिरवून बघावं. ते मोकळं फिरलं तर चांगलं, चिकटून बसलं तर ओघळ आलेला असण्याची शक्यता. लेबलावरचं साल म्हणजे काढणीचं साल. देशी ओकवाली शिराझ काढणीपासून तीन ते पाच वर्षांत प्यावी. ‘जुनी तितकी चांगली’ हा हिशेब हर्मिटाजला लागतो, वाईन शॉपच्या फळीवर उभ्या राहिलेल्या बाटलीला नाही. खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत केली तर वाहतुकीतला ताप टळतो. ‘मालक, मागच्या खोक्यातली द्या’ असं सांगायला लाजू नका, खोक्यातली बाटली उजेडापासून तरी वाचलेली असते.

घरी आणल्यावर फ्रीजच्या डोक्यावर किंवा कौलांखालच्या माळ्यावर ठेवू नका. एप्रिलमध्ये माळ्यावर दुपारी भट्टी आणि पहाटे गारवा. या चढउताराने वाईन बाटलीत फुगते आणि आकसते, बूच पंपासारखं हवा आत घेतं. जमिनीलगतचं, आतल्या खोलीतलं कपाट बरं. बुचाची बाटली आडवी, फिरकीच्या झाकणाची कशीही. पावसाळ्यात लेबलाला बुरशी आली तरी घाबरायचं कारण नाही, ती कागदावरच राहते. महिन्याभराहून जास्त ठेवायची असेल तर फ्रीजचा भाजीचा कप्पा हा आपल्याकडचा त्यातल्या त्यात चांगला पर्याय.

पुस्तकांत लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं लिहिलेलं असतं. ती खोली युरोपातली, जुन्या दगडी घरातली. या वाईनला १६ ते १८ अंश हवेत. उन्हाळ्यात २८ अंशांवर असलेली बाटली फ्रीजमध्ये एक ते सव्वा तास ठेवली की १७ च्या आसपास येते. घाई असेल तर बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ, आणि १२ ते १५ मिनिटं. नुसत्या बर्फात ठेवू नका. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली गार व्हायला वेळ लागतो. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बूच वर येतं. पेल्यात बर्फ घालणं हा प्रकार या वाईनला तरी नको. त्यापेक्षा साधी शिराझ आणून त्यात घाला.

पेला ट्यूलिपच्या फुलासारखा, तोंडाला निमुळता, आणि एक तृतीयांशच भरायचा. १५० मिलिचे पाच पेले निघतात. स्टीलच्या ग्लासात वास साठत नाही आणि ओकसाठी मोजलेले जादा पैसे तिथेच वाया जातात. दोन-तीन वर्षांहून जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, तळाशी गाळ बसेल. शेवटचा बोटभर भाग ओतू नका.

उघडल्यावर वास खटकला तर लगेच मोरीत ओतू नका. कुजक्या अंड्याचा, जळक्या काडीचा किंवा रबराचा वास हे शिराझचं जुनं दुखणं आहे. हवा कमी मिळाली की गंधकाची संयुगं साठतात. वाईन पसरट जगमध्ये उंचावरून ओतून अर्धा तास ठेवली की ते बहुधा जातं. नाही गेलं तर घासून लख्ख केलेली तांब्याची तार पेल्यात काही सेकंद फिरवून काढून घ्यावी. तांबं गंधकाला धरून ठेवतं. वाईन तांब्याच्या गडूत ओतून मात्र ठेवायची नाही, आंबट द्रवात तांबं उतरतं. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट गोणपाटाचा वास आला तर दोष बुचाचा. त्याला औषध नाही, हवा लागली की तो उलट वाढतो. अशी बाटली दुकानात परत न्यावी, तीही भरलेली. अर्धी संपवून तक्रार केली तर कोण ऐकणार? घोड्याच्या तबेल्याचा किंवा बँडेजचा वास ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचा, जे जुन्या, नीट न धुतलेल्या पिंपात घर करतं. अगदी पुसटसा असला तर काहींना आवडतो. शिजलेल्या गोड मनुक्यांचा वास आणि पेल्याच्या कडेला विटकरी झाक, तीही नव्या बाटलीत, म्हणजे उष्णतेने गेलेली वाईन. ती मटण मुरवायला वापरा.

जेवणासोबत लावताना तिखटाकडे लक्ष हवं. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं आणि तुरटपणा तिच्यावर मीठ चोळतो. संकेश्वरी मिरचीचं झणझणीत सुकं मटण आणि चौदा टक्क्यांची शिराझ हे तोंडाला लागलेलं भांडण आहे. तेच मटण ब्याडगीवर करा, रंग तेवढाच आणि जाळ कमी, मग वाईन आणि रस्सा दोघंही बोलू लागतात. चरबीदार तुकडे असतील तर आणखी चांगलं, कारण मांसातली चरबी आणि प्रथिनं तुरट घटकांना धरून ठेवतात आणि घोट मऊ लागतो. पांढरा रस्सा हा या वाईनचा खरा सोबती. खसखस, काजू, खोबरं आणि वरून मिरी. पिंपातलं खोबरं आणि सालीतली मिरी त्याला नेमकी जाऊन भेटते. शाकाहारी ताटात निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी छान जमते, भाजल्याचा धूर पिंपाच्या धुराशी जुळतो. फक्त सोबत ठेचा आणि कच्चा कांदा नको. मासे आणि सोलकढी तर यापासून लांबच. जेवणानंतर कुंदा समोर आला तर पेला आधी संपवा, कारण गोडावर ही वाईन कडू आणि आंबट लागते.

उरलेली वाईन बूच लावून फ्रीजमध्ये दोन, फार तर तीन दिवस टिकते. निम्मी किंवा थोडी जास्त उरली असेल तर ३७५ मिलिच्या छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवली की हवा कमी लागते आणि आणखी दोन दिवस मिळतात. प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा. ला रिझर्व्ह दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा चांगली लागते, तुरटपणा सैल होऊन शिराझचा भाग पुढे येतो. दिंडोरी रिझर्व्ह मात्र उघडली त्याच रात्री संपवलेली बरी.